चोपन्नाव्या वर्षी मिश्री सोडली

आमच्या निपाणीत तंबाखूला नावं ठेवायची तर आधी दार लावून घ्यावं लागतं. वखारी, बिड्या, पेढ्या, हमाली, गावातल्या कितीतरी घरांची चूल याच पानावर पेटली. 1981 साली शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या मागे उभं राहून तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी इथं हायवे अडवला, गोळीबार झाला, माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होते. आमच्या घरातली मोठी माणसं अजून त्या दिवसांवर तावातावानं बोलतात. माझी सासू वखारीत कामाला जायची आणि तिच्या पगारावर माझ्या नवऱ्याची पुस्तकं आली. तेव्हा तंबाखू पिकवणाऱ्याला आणि चाळणाऱ्याला शिव्या घालायला मी बसलेली नाही. मी दाताला लावायच्या मिश्रीबद्दल लिहितेय, आणि ती सोडताना माझ्या दिवसाचं काय झालं त्याबद्दल.

मी घरीच शिवणकाम करते. झंपर, फॉल-पिको, लग्नसराईत अस्तराचे ब्लाउज. लग्न झालं तेव्हा एकोणीस वर्षांची होते. पहिल्याच वर्षी दाढ ठणकायला लागली आणि सासूबाईंनी चिमूटभर मिश्री लावून दिली. ठणका थांबला. दाढ किडकी ती किडकीच राहिली, पण ते कुणाला दिसतंय!

मिश्री आमच्या घरी विकत येत नव्हती. रविवारी दुपारी सासूबाई परसात चूल पेटवायच्या. भाकरीतून बाद झालेला एक जुना तवा त्यासाठीच भिंतीला टेकवून ठेवलेला असायचा. त्यावर तंबाखू टाकून उलथण्यानं हलवत राहायचं. आधी पान तपकिरी होतं, मग काळं पडतं, आणि मधेच एकदम असा धूर उठतो की शेजारची पोरं शिंकत पळायची. जास्त भाजली की कडू होते, कमी भाजली की हिरडीला झोंबते; ते सासूबाईंना वासावरून कळायचं. थंड झाली की हातानं चुरायची, पाट्यावर वाटायची आणि फडक्यातून गाळायची. फडकं माझ्या मशीनखालच्या अस्तराच्या तुकड्यांतलं. त्या गेल्यावर हे सगळं माझ्याकडे आलं, तव्यासकट.

सकाळी डोळे नीट उघडायच्या आत बोट डबीत. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ व्हायचं नाही, पोट साफ झाल्याशिवाय चहा गोड लागायचा नाही. जेवण झालं की एकदा. चारच्या सुमाराला मान अवघडली की मशीन थांबवून दारात उभं राहायचं, समोरच्या काकूंशी बोलता बोलता एकदा. रात्री अंथरुणावर शेवटची. पस्तीसएक वर्षं हे असंच चाललं, आणि याला मी व्यसन कधी म्हटलंच नाही. व्यसन म्हणजे बाप्या माणसं करतात ते. आम्ही दात घासत होतो.

खालचा समोरचा दात हलायला लागला म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी दात बघितला आणि मग खालचा ओठ बाहेर ओढून बराच वेळ आत बघत बसले. कापसाच्या जाळीनं तिथं घासून बघितलं. मग म्हणाले, "मावशी, मिश्री नेमकी कुठं लावता?" मी बोट ठेवून दाखवलं. बरोबर त्याच जागी पांढरा चट्टा होता. घासून न निघणारा. त्याला ल्युकोप्लाकिया म्हणतात असं त्यांनी सांगितलं. हा कॅन्सर नाही, पण असल्या चट्ट्यांतले काही पुढे तिकडे वळतात, आणि कुठला वळणार ते नुसतं बघून सांगता येत नाही. महिनाभर मिश्री बंद करून परत या, तोवर गेला तर बरं, राहिला तर तुकडा काढून तपासायला पाठवू. एवढं बोलून त्यांनी मला आधी फिजिशियनकडे जायला सांगितलं, कारण दात काढायच्या आधी त्यांनी मोजलेलं बीपी त्यांना आवडलं नव्हतं.

फिजिशियनकडे बीपी भरलं 152/94. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी एचबीए1सी तपासणी 6.1 आली. 5.7 च्या खाली असेल तर ठीक, 6.5 पासून पुढे मधुमेह, म्हणजे मी मधल्या पट्ट्यात. मग त्यांनी टेप काढली आणि कंबर मोजली, 92 सेंटिमीटर. मला राहवलं नाही. ती टेप कापडी, जुनी, टोकाशी दोरे सुटलेली. अशी टेप ओढून ओढून लांबते आणि माप कमी दाखवते. माझ्या पिशवीत माझी टेप असतेच. तिच्यावर 37 इंच भरलं, म्हणजे 94. डॉक्टर हसले, म्हणाले तुमचंच धरू. आपल्याकडच्या बायकांना 80 च्या पुढं कंबर गेली की धोका मोजायला सुरुवात करतात, म्हणजे साडेएकतीस इंच. माझ्या गिऱ्हाइकांत चाळिशीपुढची साडेएकतीस कंबर शोधायची म्हटली तर वह्या उलटत बसावं लागेल.

आणि मी खरंच वह्या उलटल्या. त्या रात्री झोप येत नव्हती. माझ्याकडे मापाच्या जुन्या वह्या आहेत, काहींची पानं पिवळी पडलीत. एकाच बाईची लग्नातली, बाळंतपणानंतरची, सून आल्यानंतरची मापं त्यात सापडतात. छाती-कंबर वाढते हे कुणीही सांगेल. मला जे दिसलं ते वेगळं. दंडघेर पन्नाशीपर्यंत वाढत जातो आणि मग बऱ्याच जणींचा उतरतो, कंबर मात्र उतरत नाही. दंड बारीक झाला म्हणून बायका खूश होतात, पण तिथं चरबी उतरलेली नसते, मांस गेलेलं असतं. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी व्हायला लागतात आणि वापरले नाहीत तर लवकर जातात, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. दुसरं म्हणजे पाठ. वय झालं की पाठीची उंची वाढवून घ्यावी लागते आणि पुढची कमी, नाहीतर झंपर मागून वर चढतो. बाई पुढं वाकलेली असते, तिला पत्ता नसतो, ती म्हणते शिलाई बिघडली. माझं स्वतःचं माप मी कधी वहीत लिहिलं नव्हतं. त्या रात्री लिहिलं.

मिश्री सोडायची कशी हे डॉक्टरांना विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं, "सकाळी उठल्यावर पहिली किती वेळात?" मी म्हटलं, उठायच्या आधीच. यावरूनच म्हणे कळतं तलफ किती खोल आहे ते. रक्तातलं निकोटीन साधारण 2 तासांत निम्म्यावर येतं. दिवसा आपण परत परत लावून ते वर ठेवतो. रात्रभर लावत नाही म्हणून पहाटेला ते तळाला गेलेलं असतं, आणि म्हणून सकाळची पहिली मिश्री सगळ्यांत गोड. मी इतकी वर्षं समजत होते की मिश्रीनं मला तरतरी येते. खरं तर मिश्री रात्रभर नव्हती म्हणून मरगळ यायची, आणि सकाळची मिश्री लावून मी तीच घालवत होते.

त्यांनी निकोटीनचं च्युइंग गम लिहून दिलं. 2 आणि 4 मिलिग्रॅम असं दोन ताकदीत येतं, माझी तलफ बघून 4 वालं. ते च्युइंग गमसारखं चघळायचं नसतं. हळू चावायचं, चुणचुण सुटली की गालात दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की परत दोनदा चावायचं, असं अर्धा तास. आधीच्या पंधरा मिनिटांत चहा-कॉफी नाही, नाहीतर ते गालाच्या आतून नीट शोषलं जात नाही. सुरुवातीला मी भराभर चावलं आणि उचक्या लागल्या, त्या थांबेनात. सुनेला वाटलं कुणीतरी आठवण काढतंय. "आत्या, कोण एवढं?" म्हणाली. एक गिऱ्हाईक तर तोंडावरच बोललं, "या वयात चिंगम खायलीस व्हय गं?"

सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची फुकट फोनलाइन आहे, 1800-11-2356. हा नंबर तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. आमच्या घरच्या मिश्रीला पाकीटच नाही, म्हणून मला तो मालकांच्या पुडीवर सापडला. फोन केला, हिंदीत सुरुवात झाली, मी माझं निपाणीचं हिंदी लावलं, ते त्यांना कळलं हे विशेष. त्या बाईनं एक कामाचा प्रश्न विचारला: दिवसातल्या कुठल्या वेळेची मिश्री सोडणं तुम्हाला सगळ्यांत अवघड वाटतं? मी सकाळची म्हणाले. पुढं कळलं की ते खोटं होतं. सकाळची औषधानं सुटते. चारची सुटत नाही.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट जातात असं सगळे सांगतात, आणि जातात. डोकं जड, हात अस्वस्थ, एका बाईच्या भारी पैठणीच्या ब्लाउजवर कात्री चालवायची हिंमत होईना म्हणून मी फक्त पिको आणि हुक-काजं एवढंच काम घेतलं. घरात कुणी चमचा पाडला तरी अंगावर यायचं. पोटानं तर संपच पुकारला. निकोटीननं आतडी हलतात, ते बंद झालं की त्यांना स्वतःच्या पायावर यायला वेळ लागतो. रात्री इसबगोल, सकाळी उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, आणि पोट साफ होवो न होवो, ठरलेल्या वेळी जाऊन बसायचं. यात लिहिण्यासारखं काय, असं वाटेल. पण आमच्या भागातल्या बायका परत मिश्रीकडे वळतात त्या याच एका कारणानं, हे मी चार जणींकडून ऐकलंय. कॅन्सरची भीती लांबची असते, पोट रोजचं.

रात्रीही वाईट गेल्या. झोप मोडायची, घाम यायचा. त्यात माझी पाळी जाऊन काही वर्षं झालेली, तेव्हाही असाच घाम यायचा, म्हणून कशाचा कुठला घाम ते कळेना. तीन-चार आठवड्यांत मात्र एक फरक पडला. मी पहाटे तीनला उठायची बंद झाले. ते तीनचं उठणं मी वयाच्या खात्यावर टाकलं होतं. आमच्यात पन्नाशीनंतर जे होईल ते वयावर घालायची पद्धतच आहे. गुडघा वय, झोप वय, चिडचिड वय. वयाच्या नावावर फुकट बिल फाडलं जातं. चष्म्याचं सोडा, सुईत दोरा ओवायला लागणारा चष्मा हा खराच वयाचा. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि त्याला कुठली सवय सोडून उपाय नाही. पण बाकीच्यातलं किती वयाचं आणि किती डबीचं, हे डबी बंद केल्याशिवाय कळणार नव्हतं.

आता चारची गोष्ट. ती मिश्री म्हणजे मशीनवरून उठायचं निमित्त होतं. नुसतं उठून दारात उभी राहिले तर समोरच्या काकू विचारणार, काय गं, काम नाही व्हय? हातात डबी असली की कुणी विचारत नाही. बाईमाणसाला विनाकारण दोन मिनिटं उभं राहायची सोय आमच्याकडे नाही, मिश्रीला आहे. सोडल्यावर काय झालं, तर मी उठायचीच बंद झाले. जेवण झालं की बसायची ती थेट दिवेलागणीला उठायची. त्यात मशीनला मोटर. पूर्वी पायानं पायडल मारत होते, तेव्हा निदान पोटऱ्या तरी हलायच्या. मोटर बसवली तसा कामाचा वेग दुप्पट झाला आणि कंबरेखालचं अंग दिवसभर दगड. आणि भूक! हात रिकामा की तोंडात शेंगदाणे, फुटाणे, नातवाचा खाऊ. सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी 4-5 किलो वाढतं म्हणे; माझं मिश्री सोडून काही महिन्यांतच 3 किलो वाढलं आणि वहीत 37 च्या खाली 38 लिहावं लागलं.

मी वैतागून डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "मावशी, वजनाचं बघू. परत डबी उघडू नका." आणि उपाय मात्र त्यांचा एकही माझ्या घरात बसेना. रोज अर्धा तास चाला, म्हणाले. आठवड्याला निदान 150 मिनिटं असा हिशेब आहे. पण सकाळी पाणी भरायचं असतं, संध्याकाळी गिऱ्हाइकं येतात. शेवटी मी माझ्या पद्धतीनं केलं. इस्त्रीचं टेबल मशीनजवळून उचलून मागच्या खोलीत नेलं. आता प्रत्येक शिवण दाबायला उठावंच लागतं, एका ब्लाउजला चार-पाच वेळा. फॉल लावायचं काम मोटरवरून काढून जुन्या पायमशीनवर घेतलं. आणि उठताना हाताचा टेकू घ्यायचा नाही, मांड्यांवर जोर देऊन उठायचं, हे मला डॉक्टरांच्या नर्सनं शिकवलं. पहिल्यांदा केलं तेव्हा मी अर्ध्यात परत खुर्चीत पडले. चारला आता मी काकूंनाच घेऊन अक्कोळ रोडनं चालायला जाते. त्यांची मिश्री चालूच आहे, त्या चालता चालता लावतात. वास येतो. तलफ येते. दहा मिनिटं गेली की उतरते, हे आता माहीत झालंय.

जेवणात फारसा बदल नाही. ज्वारीची भाकरी होतीच. रात्रीचा भात निम्म्यावर आला, आणि ताटातला खर्डा, पापड, लोणचं यातलं एका वेळी एकच. बीपीला मीठ महागात पडतं, आणि मीठ भाजीत कमी असतं, या तोंडीलावण्यांत जास्त. बीपीची गोळी चालू आहे.

महिन्यानं चट्टा दाखवला तर लहान झाला होता, गेला नव्हता. म्हणून तुकडा काढायचं ठरलं. आम्हाला कोल्हापूर चाळीसएक किलोमीटर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. एरवी निपाणीचा माणूस दुखलं-खुपलं की कोल्हापूरच गाठतो. पण 2023 च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, आणि ती सीमेच्या अलीकडेच. मी आधार कार्ड दाखवून बेळगावला गेले. फॉर्म कन्नडमध्ये, डॉक्टर मराठी बोलणारे, नर्स म्हणाली, "अक्का, कुंडरी," आणि मी बसले. ओठात सुई टोचून बधिर केलं, मसुराएवढा तुकडा काढला, वर दोन टाके. आरशात बघितलं तर टाक्यांची गाठ नीट बसली होती. बरं वाटलं. रिपोर्ट आला: कातडी जाड झालेली, पण कॅन्सरकडे जाणारे बदल नाहीत. दर सहा महिन्यांनी दाखवायचं. हलणारा दात मात्र काढावाच लागला. हिरड्या इतक्या खाली गेल्यात की त्या परत वर येणार नाहीत.

परवाच्या तपासणीत बीपी 134/84 आणि एचबीए1सी 5.8. मी विचारलं, यातलं किती गोळीनं, किती चालण्यानं, किती मिश्री सोडल्यानं? डॉक्टर म्हणाले, वेगळं काढून सांगता येत नाही. मला हे उत्तर आवडलं नाही. झंपर बिघडला तर कुठली शिवण चुकली ते मला सांगता येतं. पण त्यांचंही खरं असावं. मी सगळं एकदमच केलं, आणि एकाला धरून दुसरं आलं. कंबर अजून 37 आहे. वाढलेला एक इंच उतरला, पहिले सदतीस जागच्या जागी. गमचं प्रमाण हळूहळू उतरवत 2 मिलिग्रॅमवर आणलंय आणि आता तेही रोज लागत नाही.

जाऊबाईंच्या मुलीचं लग्न ठरलंय, ब्लाउजच्या मापासाठी त्या आल्या होत्या. टेप गळ्यात टाकून मी त्यांचा दंड मोजत होते तर म्हणाल्या, "ते तुझं चिंगम मलापण दे की चार." मी दिलं नाही. त्यांना साखर आहे, हृदयाची गोळी चालू आहे, आणि आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घ्यायचं नाही. शिवाय त्यांची तलफ माझ्यापेक्षा मोठी, रात्री उठून लावणाऱ्यांतली. रागावल्या. लग्नघरात मिश्री सोडायची म्हणजे वेडेपणा, असंही म्हणाल्या. मग मापं झाल्यावर चहा घेताना स्वतःच विचारलं, "डॉक्टर बुधवारी असतात काय?" असतात. बुधवारी दहाच्या आत नंबर लावायला लागतो, म्हणून मी त्यांना साडेनऊला चौकात यायला सांगितलंय.